बार्तुलचं जाकीट

बेटावर कोण गाणार, कोण नाचणार आणि कोण गेलं, हे सगळं लुक्रेकडूनच कळायचं. धक्क्यावर चर्चच्या भिंतीला एक मोठी लाकडी पाटी होती. तिच्या डाव्या अंगाला येत्या आठवड्याचे कार्यक्रम लागायचे: गायक मंडळींची मैफल, बँडची तालीम, हौशी नाटकवाल्यांचं दरवर्षीचं तेच नाटक. उजव्या अंगाला काळ्या चौकटीचे कागद, गेलेल्यांचे. दर शुक्रवारी लुक्रे खळीचं डबडं घेऊन यायची, दोन्हीकडचं चिकटवायची आणि वर सहकारी दुकानाच्या भोंग्यावरून वाचूनही दाखवायची. साठी उलटली तरी आवाज खणखणीत. "देवानं मला नवरा दिला नाही, भोंगा दिला," असं ती स्वतः म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटलं की मात्र आठवडाभर त्याच्याशी अबोला.

अख्ख्या गावाच्या मरणाचे कागद तिनं लावले होते. सख्ख्या भावाचा तेवढा राहिला होता.

बार्तुल बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. तीसेक वर्षांपूर्वी कार्निव्हलच्या आदल्या दिवशी तो जाळी काढायला म्हणून गेला आणि नुसती होडी परत आली. पाटीवर लुक्रेच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मंगळवारी संध्याकाळी बार्तुल एकटा वाजवणार. त्यांची आई मांडे तो कागद काढू देईना. "लिहिलंय ना वाजवणार म्हणून? मग येईल." पुढे ऊनवाऱ्यानं कागद गेला, म्हातारीचा हेका गेला नाही. आमच्याकडे काळ्या चौकटीचा कागद लागल्याशिवाय माणूस मेला असं धरत नाहीत. घंटा वाजत नाही, घरच्या बायका काळे कपडे घालत नाहीत. त्यामुळे मांडेच्या टेबलावर रोज रात्री तीन ताटल्या पडायच्या आणि दाराला आतून अडसर म्हणून कधी लागला नाही. अधूनमधून रात्री बाहेरची कडी खुट्ट वाजायची. शेजारणी म्हणायच्या, "वारा आहे हो, मांडेमावशी."

"वाऱ्याला कडी उचलता येत नाही," मांडे म्हणायची आणि तिसऱ्या ताटलीवर पालथी ताटली घालून ठेवायची.

त्या घरात लुक्रेचं आयुष्य गेलं. मागणी घालायला दोघे आले होते. दोघांनाही त्याच तिसऱ्या ताटलीसमोर बसवलं गेलं, आणि दोघेही परत फिरकले नाहीत.

तर यंदाचा कार्निव्हल. दरवर्षी गवताचा एक बाहुला करतात, वर्षभराची सगळी पीडा त्याच्या डोक्यावर घालतात, शुक्रवारपासून त्याला पाटीखाली खुर्चीत बांधून ठेवतात आणि मंगळवारी, म्हणजे उपासाचा काळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी, त्याच्यावर खटला चालवून जाळतात. त्याचं नाव असं ठेवायचं की ते बेटावर कुणा जिवंत वा मेलेल्या माणसाचं नसावं. ते शोधायचं काम लुक्रेचं. यंदा तिनं ठेवलं 'उद्याबघूसाहेब', कारण धक्क्याच्या दुरुस्तीबद्दल पलीकडच्या किनाऱ्यावरच्या सरकारी कचेरीतून वर्षभर तेवढंच उत्तर आलं होतं. बाहुल्याचाही कागद उजव्या अंगाला लागतो; काळ्या चौकटीत ते नाव वाचून लोक पोट धरधरून हसले. लुक्रेही खूश होती.

बाहुला बसवला तेव्हा ती कार्यक्रमांचे कागद लावत होती. सहज वळून पाहिलं आणि हातातला ब्रश तसाच राहिला. बाहुल्याच्या अंगात बार्तुलचं निळं लोकरी जाकीट होतं. वरून तिसरं बटण पितळी, बँडच्या गणवेशाचं. ते तिनंच शिवलं होतं.

बाहुला बांधायचं काम बँडमास्तर येर्कोचं. कपडे घरोघरच्या पोत्यांतून जमा होतात. लुक्रेनं त्याला गाठलं. "हे जाकीट कुठून आणलंस?"

"तुमच्याच दारातल्या पोत्यातून. का गं?"

"काढ ते."

"वेडी की काय तू? घातलेलं काढतात का कधी? गेल्या वेळी काढलं त्या वर्षी गारपीट झाली, विसरलीस?"

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जुन्या चिंध्या समजून तिनं ते जाकीट पोत्यात कोंबलं असणार. मंगळवारी तिचा मुलगा तिच्यासमोर जळाला, हे जर तिला कळलं तर ती तिथेच प्राण सोडेल. लुक्रेनं मनाशी ठरवलं, आईला धक्क्याकडे फिरकू द्यायचं नाही.

शनिवारी सकाळी जाकीट ओलं होतं. नुसतं दमट नव्हे, बाह्या टपकत होत्या. पाऊस नव्हता. "दक्षिणेचा वारा सुटलाय," येर्को म्हणाला. "लाटांचं पाणी उडतं." लुक्रेनं बाही पिळली, बोटं चाखली. खारट. बरं, लाटांचंच असेल.

रविवारी बाहुल्याचं तोंड फिरलेलं होतं. येर्कोनं त्याला समुद्राकडे तोंड करून बांधला होता, आता तो मान मागे वळवून पाटीकडे बघत होता. डाव्या अंगाला. "पोरांचा चावटपणा," येर्को म्हणाला आणि त्यानं मान सरळ केली. सोमवारी मान पुन्हा पाटीकडे. दोर मात्र जसेच्या तसे, गाठीसुद्धा येर्कोच्याच. या खेपेला त्यानं मान सरळ केली नाही, आणि पोरांचं नावही काढलं नाही.

घरी मांडे रोज विचारायची, "यंदा पाटीवर काय काय आहे?"

"मुखवट्यांचा नाच. नाटक. मंगळवारी खटला."

"आणि एकटं कोण वाजवणार?"

"कुणी नाही, आई."

"हं," मांडे म्हणायची. या वेळी ती चिडत नव्हती, वाद घालत नव्हती. लुक्रेला त्याचीच धास्ती वाटली.

मंगळवारी दुपारी वारा पडला. समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला. लुक्रेनं आईला गरम दूध दिलं, पांघरूण घातलं, आणि भोंग्यापाशी जाऊन उभी राहिली. खटल्याची सुरुवात तीच पुकारते.

पाववाला कुझ्मा न्यायाधीश झाला होता. डोक्यावर कापसाचा टोप, हातात लाटणं. "ऑलिव्हचं पीक कुणामुळे झडलं?"

"याच्यामुळे!"

"माझ्या बायकोची आई अजून इथेच राहते, ती कुणामुळे?"

"तुझ्याच पावामुळे!" कुणीतरी ओरडलं आणि धक्का हसून हसून लोळला. मग कुझ्मानं शेवटचा प्रश्न विचारला, जो दरवर्षी विचारतात. "याचं इथे कुणी आहे?"

यावर गावानं म्हणायचं असतं, कुणी नाही. आणि पहिला आवाज भोंग्यातून यायचा असतो. लुक्रेनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. भोंग्यातून नुसता तिचा श्वास ऐकू आला. शेवटी लोकच आपले ओरडले, "कुणी नाही!"

येर्कोनं मशाल लावली. गवत फुसफुसलं आणि विझलं. पुन्हा लावली, पुन्हा विझलं. त्यानं रॉकेल ओतलं. निळी ज्योत जाकिटावरून सरसर वर गेली, संपली, आणि जाकीट होतं तसंच राहिलं. बाह्यांतून पाणी गळायला लागलं. खुर्चीखाली थारोळं झालं, ते दगडांवरून वाहत समुद्राच्या दिशेनं निघालं. हसणं केव्हाच थांबलं होतं. कुझ्मानं डोक्यावरचा टोप काढून हातात घेतला.

"माझं आहे ते," मागून कुणीतरी म्हणालं.

मांडे भिंतीला धरधरून आली होती. लोकांनी वाट दिली. लुक्रे धावली. "आई, चल घरी. हा बाहुला आहे गं, गवताचा."

"मला शिकवू नकोस. जाकीट मीच दिलं. डोळ्यांनी आंधळी आहे मी, डोक्यानं नाही." म्हाताऱ्या बाईनं चाचपत बाहुल्याची बाही धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही. "म्हटलं, तुम्ही जाळाल, म्हणजे सुटेल तो. मीही सुटेन. पण असल्या टिंगलीच्या नावानं तो कसा जाईल? लुक्रे, कागद लाव त्याचा."

लुक्रेला रडू फुटलं. तिला आईचा राग आला, भावाचा आला, त्या तिसऱ्या ताटलीचा आला. रडतरडतच तिनं उद्याबघूसाहेबाचा कागद फाडून काढला, काळ्या चौकटीचा नवा घेतला आणि भावाचं नाव लिहिलं. खळ लावली. उजव्या अंगाला चिकटवला. तळहातानं कडा दाबल्या, जशा सगळ्यांच्याच दाबायची.

चर्चची घंटा वाजली. येर्कोनं बँडला खूण केली आणि मयताची धून सुरू झाली. मग त्यानं एक काडी ओढली. बाही चट्कन पेटली, सुकलेल्या पाल्यासारखी. वारा नव्हताच, धूर सरळ वर गेला. मांडे शेवटपर्यंत उभी होती.

घरी येऊन मांडेनं टेबल मांडलं. चाचपत, नेहमीसारखं. ताटल्या दोनच ठेवल्या. लुक्रेनं त्यांतच सूप वाढलं.

"दाराला अडसर घाल," मांडे म्हणाली.

अडसर गंजून भिंतीत रुतला होता. लुक्रेला तो हातोडीनं ठोकून सरकवावा लागला. ती टेबलापाशी येऊन बसली. चमचा उचलला.

बाहेरची कडी हळूच वर उचलली गेली. दार आत ढकललं गेलं आणि अडसराला अडलं. थोडा वेळ तसंच राहिलं. मग कडी खाली पडली.

लुक्रे अर्धवट उठली. मांडेनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"वारा आहे," ती म्हणाली. "जेव तू. सूप निवतंय."