रिकामी वाटी

बाजारात सुक्या जवळ्याचा वास आला की माझं डोकं अजून तडकतं. काही वर्षांपूर्वी मी करावे गावात एका काकीकडे भाड्याने राहत होते आणि रोज तुरुंगात जाऊन बलात्काराच्या गुन्ह्यातल्या कैद्यांशी बोलत होते. सुटल्यावर हा माणूस पुन्हा तसं करेल का, हे तपासायचं आणि करू नये म्हणून उपचार करायचे, हे माझं काम. काकी मला तापाखोकल्याची डॉक्टर समजत होती. एका संध्याकाळी जवळ्याची गरम वाटी माझ्या हातात देत तिने विचारलं, "त्या कैद्यांना रोग काय असतो गं?" मी सांगितलं. तिचा चेहरा आक्रसला. "पोरीबाळी नासवनाऱ्यांना तू बरं करतेस?" "नाही केलं तर ते तसेच बाहेर येतील, काकी." "बाजूची खोली रिकामी हाय. तुझा बरा झालेला मानूस आन तिथं. राशील त्याच्या शेजारी?" मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "राहीन." ती म्हणाली, "माझी वाटी दे." शेजारची वाटी आमच्याकडे कुणी रिकामी परत करत नसे, म्हणून जवळा ताटलीत काढून, वाटी धुऊन मी साखरेच्या डब्याला हात घातला. "नको. रिकामीच दे," ती दारातूनच म्हणाली. तो जवळा मी कचऱ्यात टाकला आणि महिनाअखेर खोली सोडली. तिच्यावरचा राग अजून तसाच आहे. ते 'राहीन' खरं होतं की नुसतं तिला ठणकावायला, हे मात्र मला कुणी विचारलेलं चालत नाही.