शर्टांच्या बदल्यात कढई

"ही तुझी कढई घे आणि माझ्या मुलाचे शर्ट परत दे!"

"आजी, कढईत भाजी शिजली तुमच्या. काळी पडलेली कढई मी आता कुनाच्या दारात मांडू?"

"ते मला सांगू नकोस. शर्ट काढ."

कामोठ्यातल्या एका सोसायटीचा चौथा मजला. दारात सुमतीताई, जिन्यात वेणू भांडीवाली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. सासरचं मिठागर बंद पडलं तेव्हापासून ती अशी दारोदार हिंडते. गुडघे दुखतात, पण वॉचमन लिफ्टमध्ये घेत नाही. भांडं देऊन कपडे घ्यायचे, घरी नेऊन धुवायचे, बटणं टाचायची आणि उलव्याला बांधकामावरच्या मजुरांना विकायचे.

"शर्ट नाय ऱ्हायले," ती म्हणाली. "काल उलव्याला गेले. ही एक पँट हाय. चेन तुटलीय, म्हनून कोन घेईना."

सुमतीताईंनी पँट हिसकावली. खिसे चाचपले. मग नाकाशी धरली.

"धुतलीस?"

"धुवावंच लागतं, आजी."

"मेलेल्या माणसाचे कपडे उचलताना तुला काहीच वाटलं नाही गं?"

वेणूने पाटी खाली ठेवली. भांडी खणखणली.

"मेलेल्या? आवो, मी दर दारात इचारते, घालनारा हाय ना? गेलेल्या मानसाचं मी हातात धरत नाय. तुमच्या सूनबाईंना पन इचारलं. त्या म्हनल्या, हाय की, दुबईला हाय. तिकडंच नवीन घेतो."

सुमतीताईंच्या मागे त्यांची सून ऋचा ऑफिसची बॅग खांद्याला लावून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"दुबईला?" सुमतीताई वळल्या. "ऋचा? सत्यजीतचं वर्षश्राद्ध झालं या घरात. तुझ्याच हातचा स्वयंपाक होता."

ऋचा खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली.

"ताई, खरं सांगितलं असतं तर मी गाठोडं सोडलंच नसतं," वेणू पुटपुटली.

"आणखी कोणाकोणाला सांगितलंयस असं? ऑफिसात?" सुमतीताईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि बाई गं, तो परत कधी येणार म्हणून सांगतेस?"

ऋचा उठली. पसरलेल्या भांड्यांतून वाट काढत, कुणाकडेही न बघता, जिना उतरून गेली.