पाच मिनिटांची डुलकी

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘सीसीटीव्हीमावशी’ म्हणत, आणि आता तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्यांच्या त्या दवाखान्यात अकरा वर्षं तिचं काम एकच. ज्यू जोडप्यांच्या बीजांच्या नळ्या तंत्रज्ञ हाताळत असला की त्याच्या हातांकडे बघत बसायचं. मूल कुणाचं, याबद्दल त्यांच्या धर्मशास्त्राला तिळभरही शंका चालत नाही. त्या शंकेपायी मावशी रोज आठ तास स्टुलावर बसून कंबरेचा काटा ढिला करून घेत होती.

त्यात घरी लेकीचं बाळंतपण. तीन आठवडे धड झोप नव्हती. मंगळवारी टेबलावर दोन जोडप्यांच्या नळ्या होत्या, आणि मावशीचा डोळा लागला.

पाच मिनिटंच. जागी झाली तेव्हा फलनाचं काम उरकलं होतं. त्या जोडप्यांतली एक बाई त्रेचाळीस वर्षांची. ही तिची शेवटची स्त्रीबीजं, यापुढे मिळायची नाहीत, असं डॉक्टर सांगून चुकले होते. मावशी गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण तिनं जिन्यात जाऊन रब्बींना, तिला या कामावर नेमणाऱ्या ज्यू धर्मगुरूंना, फोन लावला.

रब्बी रागावले नाहीत. “तू झोपलीस हे त्या तंत्रज्ञाला ठाऊक होतं का?” त्यांनी विचारलं. “नसेल, तर तुझा धाक होताच. शास्त्राला तेवढा पुरतो.”

तिच्या जिवात जीव आला. फोन हातात धरूनच ती आत गेली. “मघाशी माझा डोळा लागला होता, तुला कळलं का रे?”

“कळलं की,” तंत्रज्ञ हसला. तो त्यांच्या धर्माचा नव्हता. “किती दमता मावशी तुम्ही. जाग येऊ नये म्हणून नळ्यासुद्धा न वाजवता ठेवल्या. काळजी नको, नावं दोनदा वाचलीत.”

अकरा वर्षांत त्या खोलीत तिच्याशी इतक्या मायेनं कुणी वागलं नव्हतं. नेमका आजचाच मुहूर्त सापडला होता.

“काय म्हणतोय?” फोनवरून रब्बींनी विचारलं. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं.

“ठाऊक होतं,” ती म्हणाली.

रब्बी म्हणाले, “मग या गर्भांना मला होकार देता यायचा नाही. त्या दोघींना सांगावं लागेल.”

“मी सांगते.”

बाहेरच्या बाकावर ती त्रेचाळीस वर्षांची बाई बसली होती. मावशीला बघून तिनं सरकून जागा केली. “बसा हो. तुम्ही आत असता म्हणून मी निर्धास्त असते.”

मावशी उभीच राहिली. बसली असती तर तिच्याच्यानं बोलवलं नसतं.

“मला झोप लागली होती,” ती म्हणाली.