विचारल्याशिवाय बोट वर नाही

वैजयंतीबाई सबनीस यांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्यावर खेकसले म्हणून. मी डब्लिनला मुलाकडं नवीन आले होते. महेशनं एका रविवारी क्रिकेट बघायला नेलं. गारठा असा की मी गाडीतच बसले. बघते तर मैदानाच्या मधोमध एक बाई उभ्या. पांढरी टोपी, काळी पँट, हात मागे. तोंडावळा आपलाच. मला वाटलं, कुणाची तरी आई पोराला डबा द्यायला आली आणि मधेच गप्पा मारत थांबली. काच खाली केली आणि ओरडले, "अहो बाई, बाजूला व्हा! खेळ चाललाय, दिसत नाही का?"

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. महेशनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "आई, त्या अंपायर आहेत."

चहाच्या सुट्टीत त्या सरळ गाडीपाशी आल्या. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाल्या, "झाले असते हो बाजूला, पण मी हलले की सगळेच घरी जातात. चला, चहा घ्या." तेव्हापासून मी चहाच्या टेबलावर आहे. इथं मॅचच्या मधला चहा म्हणजे नुसता चहा नसतो. सँडविच, केक असं मोठं टेबल मांडतात. त्यात बटाटेवडे मी घुसवले.

आता त्यांना साठ वर्षं पूर्ण होतायत म्हणून इथलं मराठी मंडळ अंक काढतंय. मंडळाच्या पोरांचा फोन आला, "काकू, त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचे पैलू उलगडून दाखवा." पैलू मला येत नाहीत. सातवीत शाळा सुटली, पुढं मिरजेत खानावळ चालवली. तिथं माणूस जेवला की उठायचा, तसं मी जे बघितलं ते सांगून उठणार.

बाई मूळच्या साताऱ्याच्या. वीसएक वर्षांपूर्वी नर्स म्हणून इकडं आल्या, आज टॅलाच्या हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळतात. अंपायर झाल्या ते कुणी मोठ्या मनानं केलं म्हणून नाही. त्यांचा मुलगा लहान असताना क्लबात खेळायचा. एकदा अंपायर आलाच नाही. दोन बाप, दोघंही आपले, दोघंही कॉम्प्युटरवाले, मी उभा राहतो, मी उभा राहतो करत भांडायला लागले. दुसऱ्याच्या पोराला हा आउट देणार, असा दोघांनाही संशय. बाई रात्रपाळी करून गाडीत झोपल्या होत्या. आवाजानं उठल्या, दार उघडून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मी उभी राहते. मला तुमची दोघांचीही पोरं आवडत नाहीत."

त्या दिवशी ज्या उभ्या राहिल्या त्या अजून उभ्या आहेत. नंतर रीतसर परीक्षा दिली, नियम पाठ केले. पण मला विचाराल तर त्यांची परीक्षा त्या गाडीच्या दारातच झाली होती.

त्यांचा एक स्वभाव लोकांना खटकतो, तोही लिहिते. बाई न विचारता काही सांगत नाहीत. आपल्या लोकांत हे अवघड. आपल्याकडं शिंक आली तरी चार जण काढा सांगतात. वैजयंतीबाई बघतील, समजतील आणि गप्प राहतील. विचारलंत तर मात्र खरं सांगतील, आणि ते खरं तुम्हाला आवडेल याची काही खात्री नाही. मंडळातल्या एका सुनेनं स्वतःच्या हातच्या पुरणपोळीबद्दल विचारलं होतं. ती आता विचारत नाही.

मलाही पहिल्यांदा त्या शिष्टच वाटल्या. सिटीवेस्टला आमचं घर; महेश आणि सून सकाळी निघून जायचे, नातवंडं शाळेत. मी काचेतून बाहेरच्या गाड्या बघत बसायची. घरातल्यांना कशाला सांगायचं, म्हणून बोलले नाही. वैजयंतीबाईंना सगळं कळत असणार, पण त्या स्वतःहून काही बोलल्या नाहीत. शेवटी एक दिवस मीच फोन केला. "वैजयंतीबाई, मला घरात बसवत नाही."

"येते," म्हणाल्या. आल्या, पण गाडी न घेता, चालत. दोघी स्टॉपवर गेलो. लाल लाइनच्या ट्रामचं तिकीट मलाच काढायला लावलं. कुठं उतरायचं तेही मीच सांगायचं. एकदा चुकले, पुढच्या स्टॉपवर उतरलो, तरी बोलल्या नाहीत. मी वैतागले, "अहो, चुकतंय हे कळत होतं तर सांगायचं की!" म्हणाल्या, "अक्का, विचारलं कुठं तुम्ही? आणि गाडीनं नेलं असतं तर पुढच्या वेळी पुन्हा मलाच फोन केला असता." आज मी एकटी शहरात जाऊन मेथी घेऊन येते. तेव्हा राग आला होता, आता नाही.

आता आफ्रिकेतल्या बायकांच्या टुर्नामेंटचं सांगते. त्यासाठीच मी लिहायला हो म्हटलं.

इथं आफ्रिकेतून आलेल्या खूप बायका आहेत. कुणी नर्स, कुणी म्हाताऱ्या माणसांकडं बघणाऱ्या, कुणी शिकायला आलेल्या. त्यातल्या काही आपल्या देशात क्रिकेट खेळलेल्या. त्यांनी आपापल्या देशांच्या टीम केल्या आणि उन्हाळ्यात एका शनिवार-रविवारी सामने सुरू केले: झिम्बाब्वे, युगांडा, नायजेरिया, रवांडा. झेंडे, ढोल, गाणी, सगळं. नियम असा की चौघींत शेवटची येईल ती टीम पुढच्या वर्षी बाहेर, कारण केनियाच्या पोरी दारात उभ्या होत्या.

रवांडाची कॅप्टन क्लॉडिन. काळीसावळी, उंच, बॉल असा टाकायची की मागं उभी असलेली दचकायची. इथं आली तेव्हा पहिलं काम वैजयंतीबाईंच्या वॉर्डात केलं. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं हे बाईंनी तिला हाताला धरून शिकवलं. आता ती स्वोर्ड्सला एका वृद्धाश्रमात आहे. तिनं ही टीम एकेक बाई गोळा करून उभी केली होती. मला म्हणाली होती, "मामा, माझ्या बायका ड्यूटी करतात आणि झोपतात, ड्यूटी करतात आणि झोपतात. ह्या टीममुळं त्या हसायला लागल्यात. टीम गेली की परत खोलीत जातील." मामा म्हणजे त्यांच्यात आई, मोठी बाई. वैजयंतीबाईंनाही ती मामाच म्हणते.

क्रिकेटातला एक नियम मला ह्या वयात कळला. खेळणारी आउट असली आणि अंपायरला ते दिसलं असलं, तरी समोरच्या टीमनं विचारल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही. 'हाउ इज दॅट' असं विचारावंच लागतं. झिम्बाब्वेच्या बायका तर बॉल कुठं गेला हे बघायच्या आधीच हात वर करून अंपायरच्या अंगावर धावून जायच्या. नळावर भांडण लागावं तसा आवाज.

आणि रवांडाच्या पोरी? शनिवारी पहिलीच मॅच झिम्बाब्वेशी. क्लॉडिनचा बॉल समोरचीच्या पायावर आदळला, पायामागं तिन्ही स्टंप. टेबलावरनं मला दिसलं. क्लॉडिननं तोंडावर हात ठेवला, लाजून हसली आणि मागं चालत गेली. थोड्या वेळानं एकीच्या बॅटला बॉल चाटून कीपरच्या हातात गेला. कीपरनं बॉल धरून ठेवला आणि वैजयंतीबाईंकडं नुसती बघत राहिली, आजीनं लाडू द्यावा म्हणून पोरं बघतात तशी. बाई हात मागे बांधून उभ्या. मॅच गेली. दुपारी युगांडाशीही तसंच झालं.

संध्याकाळी कप विसळताना मी बाईंना धरलं. "दिसलं का तुम्हाला?"

"काय?"

"तिच्या पायावर लागला ते."

"दिसलं."

"मग आउट होती का?"

"मैदानात कुणी विचारलं नाही अक्का. आता तुम्हाला कशाला सांगू?"

"अहो, पण उद्या हरल्या तर पोरी बाहेर जातील!"

"जातील." कप पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी न विचारता द्यायला लागले, तर बाकीच्या तीन टीमनी कुणाकडं बघायचं?" त्यांच्या हातातला तो कप मी आधीच पुसलेला होता.

मी तशीच क्लॉडिनकडं गेले. ती बाकावर बूट सोडत बसली होती. माझं इंग्रजी मोडकं, पण राग आला की चालतं. "तुला तोंड नाही का? ओरडत का नाहीस?"

तिनं मान खाली घातली. "मामा, त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या. त्यांनी मला काम शिकवलं. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन हात नाचवू? किंचाळू? माझ्या आईला किगालीत ऐकू जाईल."

मोठ्यांपुढं आवाज चढवायचा नाही, हे मी माझ्या मुलाला लाटणं हातात घेऊन शिकवलंय. तिच्या हातात वडा दिला आणि राहिलेले कप उचलायला गेले.

रविवारी रवांडा आणि नायजेरिया. दोघी दोनदोनदा हरलेल्या, जिंकेल ती राहणार. मॅचच्या आधी वैजयंतीबाईंनी चारही टीमना गोल करून उभं केलं. दुसरा अंपायर आयरिश, डेक्लन. त्याला आधी बाजूला घेऊन विचारलं, हे बोललं तर चालेल का. तो म्हणाला, चालेल. मग बाई म्हणाल्या, "एक नियम सगळ्यांना सांगते. मला विचारल्याशिवाय मी कुणाला आउट देऊ शकत नाही. पुढच्या बॉलसाठी बॉलर धावायला लागेपर्यंत विचारता येतं. विचारायला पाहिजे असं नियमात आहे, ओरडायला पाहिजे असं कुठंही नाही." एवढंच. कुणा एकीकडं बघितलं नाही.

झिम्बाब्वेची कॅप्टन म्हणाली, "मामा, म्हणजे आम्ही आजवर फुकट घसे फोडले?" सगळ्या हसल्या. क्लॉडिन हसली नाही.

रवांडानं आधी बॅटिंग केली, धावा थोड्याच झाल्या. नायजेरियाची ब्लेसिंग म्हणून एक दांडगी बाई आली आणि धोपटायला लागली. दोन बॉल तर पार्किंगमध्ये गेले. महेश त्याची गाडी हलवायला पळाला. मग क्लॉडिनचा एक बॉल ब्लेसिंगच्या पायावर लागला. क्लॉडिन सवयीनं मागं वळली, चार पावलं गेली आणि थांबली. उलटी फिरून वैजयंतीबाईंसमोर गेली. उजवा हात पुढं केला, डावा हात उजव्या कोपराला लावला, मान जरा झुकवली. त्यांच्याकडं मोठ्यांपुढं असंच उभं राहतात, आपण वाकतो तसं. आणि चहा अजून आहे का, असं विचारावं इतक्या हळू म्हणाली, "मामा, हाउ इज दॅट?"

"नॉट आउट," बाई म्हणाल्या.

"थँक यू, मामा."

गवतावर बसलेल्या झिम्बाब्वेवाल्या हसून लोळायला लागल्या. मी मनात बाईंना बरंच काही बोलले. पोरीनं एवढा जीव एकवटला आणि ह्यांनी मान हलवली! पण क्लॉडिन परत गेली तेव्हा तिची चाल बदललेली होती. विचारलं आणि आभाळ कोसळलं नाही, एवढं तिला कळलं असावं.

क्लॉडिनच्या पुढच्या ओव्हरला पुन्हा तेच. बॉल पायावर, क्लॉडिन चालत आली, हात कोपराला. "मामा, हाउ इज दॅट?"

बाईंचं बोट वर.

ब्लेसिंग भडकली. "तिनं अपील केलंच नाही! कुणी ओरडलं का? मी काही ऐकलं नाही!"

"मी ऐकलं," बाई म्हणाल्या. "तिनं विचारलं."

ब्लेसिंगनं डेक्लनकडं बघितलं. तो म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत, ठीक आहे. ब्लेसिंग गेली. मागच्या बायका भराभर आल्या आणि गेल्या. शेवटचीच्या दांड्या उडाल्या तेव्हा मात्र क्लॉडिन अशी किंचाळली की किगालीला खरंच ऐकू गेलं असेल. लगेच तोंडावर हात ठेवून बाईंकडं बघितलं. बाई वाकून पडलेल्या बेल्स गोळा करत होत्या, पण टोपीखाली दात दिसत होते.

चहाला ब्लेसिंगनं वडे घेताना बाईंना सांगितलं, "मी आउटच होते मामा. मला वाटलं, मी ओरडले की लाजून मागं घेईल बिचारी."

ती गेल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. मी काही विचारलं नव्हतं. त्या स्वतःहून म्हणाल्या, "अक्का, काल पायावरची आउट होती. कीपरनं झेल घेतला तीही आउट होती. रात्री डोळा लागला नाही माझा." इतक्या वर्षांत एवढंच त्या मला न विचारता बोलल्या आहेत.

लोक म्हणतात, बाई कोरड्या आहेत. हे सांगतानाचा त्यांचा चेहरा मी बघितलाय, म्हणून मी म्हणणार नाही. गप्प राहणं त्यांना सोपं जातं असं आपल्याला वाटतं. तसं नाही ते.

रवांडाची टीम टिकली. आता त्यांच्यात खेळायला नंबर लागतात. सगळ्या चालत येऊन, कोपराला हात लावून विचारतात, त्यात मॅच लांबते आणि डेक्लन कुरकुरतो. युगांडाच्या दोन पोरींनीही तसंच सुरू केलंय. ह्या वर्षीच्या सामन्यांसाठी क्लॉडिननं सगळ्यांच्या आधी मला विचारलं, "मामा उभ्या राहणार ना? साठ झाले म्हणून बसवणार नाहीत ना त्यांना?" तेच मंडळाला सांगते. शाल द्या, नारळ द्या, पण खुर्ची देऊ नका.

वैजयंतीबाई, शंभर वर्षं जगा वगैरे मी म्हणत नाही, नुसतं जगून काय करायचंय. गुडघे धड राहोत, कान धड राहोत, उभं राहता येईल तितकी सगळी वर्षं तुम्हाला मिळोत, आणि त्यातल्या रविवारी तरी ह्या देशात पाऊस न पडो.