काळ्या गाडीवरचे चरे

सालवडच्या नव्या घरात राहायला आल्यापासून रामनाथ राऊतला सकाळ उगवली की काय करावं ते सुचत नसे. चहा घेई, अंगणात येई, पुन्हा आत जाई, चपला घाले, काढून ठेवी. कुठे पाणी सोडायचं नव्हतं, कुठे वेल बांधायचे नव्हते, पानांच्या करंड्या गाडीला लावायला बोईसर स्टेशनात धावायचं नव्हतं. समुद्राकाठची त्याची वाडी वीजकेंद्राच्या प्रकल्पात गेली होती. नारळी, केळी, पानमळा, रहाटाची विहीर, सगळंच. सरकारकडून पैसे मिळाले तेव्हा गावातल्या कुणी दुकान टाकलं, कुणी मुलींची लग्नं उरकली. रामनाथने घर बांधलं आणि उरलेल्या पैशांत डहाणूच्या एका पारशी बागायतदाराकडून काळी अँबॅसेडर विकत घेतली.

त्याला गाडी चालवता येत नव्हती.

"मग घेतलीत कशाला?" त्याची बायको शालू म्हणाली.

"प्रकल्पावर सायबलोक येतात. स्टेशनावरनं तारापूरला जायला त्यांना गाडी नको? भाड्याने लावायची."

त्यासाठी त्याने सातपाटीचा जानू ड्रायव्हर म्हणून ठेवला. जानूचे बाप-भाऊ सगळे मासेमारीचे, पण याला बोट लागायची, म्हणून तो ट्रक शिकला होता. भाडं असलं की जानू येई आणि गाडी घेऊन जाई. पण भाडं रोज कुठलं मिळायला? एरवी गाडी अंगणात उभी असे, आणि तिच्याभोवती रामनाथ.

घरासमोरच्या रस्त्याने दगड-खडीचे ट्रक दिवसभर तारापूरकडे जायचे. प्रत्येक ट्रकमागे धुळीचा लोट उठे आणि सावकाश येऊन काळ्या पत्र्यावर बसे. रामनाथला ते बघवत नसे. खांद्यावरचा पंचा काढून तो बॉनेट पुसून घेई. ट्रक गेला की पुन्हा. जेवताना उठून जाई. सकाळी बादलीत धुण्याचा सोडा कालवून काथ्याने गाडी घासे. भर दुपारी, पत्र्यावर हात ठेववत नसताना, विहिरीचं मचूळ पाणी तिच्यावर ओती आणि ते तसंच उन्हात वाळू देई. कुणीतरी सांगितलं, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं की चकाकी येते. तेही झालं. चकाकी आली, आणि तासाभरात धूळ पहिल्यापेक्षा जास्त चिकटली. मग पुन्हा सोडा, पुन्हा काथ्या.

"अवो, जरा बसा की," शालू म्हणे.

"बसून काय करू?"

वाडी गेली त्या दिवसापासून तो वाडीबद्दल एक शब्द बोलला नव्हता. भावकीतली माणसं तिकडे जाऊन कुंपणाबाहेरून बघून आली. रामनाथ गेला नाही. तारापूरचं भाडं असलं की जानू एकटाच जाई.

माघात शालूच्या भाच्याचं केळव्याला लग्न निघालं. नवरदेव आत्याच्या गाडीतून मिरवणार म्हणून शालू हरखून गेली होती. रामनाथने आदल्या दिवशी गाडी तीनदा धुतली. सकाळी झेंडूच्या माळा लावून गाडी मांडवासमोर उभी राहिली आणि तिरपं ऊन बॉनेटवर पडलं. अंगणात धुळीच्या थराखाली कधी न दिसलेलं सगळं तिथे दिसलं. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे, एकात एक गुंतलेले. छतावर पाणी सुकल्याचे पांढरे ठिपके. मडगार्डाचा काळा रंग राखेसारखा झालेला.

मुलीकडचा एक पाहुणा हसत म्हणाला, "गाडी बरीच म्हातारी दिसते हो!"

"म्हातारी नाय," जानू सहज बोलून गेला, "घासून घासून सोलली हाय तिला."

लोक हसले. रामनाथही हसल्यासारखं करून मांडवात गेला. पण पंगतीत त्याचं लक्ष लागेना. त्याच्या पानावरची जिलबी तशीच राहिली. परतीच्या वाटेवर केळव्याशेजारच्या माहीमचा नाका ओलांडला आणि तो जानूवर कडाडला.

"चार लोकांत माझी अब्रू काढतोस? उद्यापासून येऊ नको!"

जानूने घरी गाडी लावली, किल्ली शालूच्या हातात दिली आणि सातपाटीचा रस्ता धरला.

आता गाडी जागची हलेनाशी झाली आणि रामनाथला तर दिवसभर तेच काम झालं. बोईसरच्या बाजारातून त्याने पॉलिशचा डबा आणला. चरे जातील म्हणून तो छतावरून सुरू झाला. दंड भरून येईपर्यंत चोळलं. चरे पुसट होत होते, त्याला हुरूप येत होता. फडकं काळं होत होतं, त्याला वाटलं घाण निघतेय. मग अचानक छताच्या मधोमध हाताएवढा करडा डाग उघडा पडला. फडक्यावर आला होता तो गाडीचा रंगच होता.

तो स्टुलावरून खाली उतरला आणि पायरीवर बसला. शालू बाहेर आली. तिने छताकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"ही पानं असती तर अशी घासली असतीत?" ती म्हणाली.

रामनाथने चमकून वर पाहिलं. कित्येक महिन्यांत त्या घरात पानांचं नाव निघालं नव्हतं. शालूलाही बोलल्यावर भीती वाटली. पण तो चिडला नाही.

"पानं कोण घासतं?" तो हळूच म्हणाला. "पानं बुडवायची. माती आपली आपण सुटते. बोट लागलं की डाग पडतो."

"मग?"

त्याने पॉलिशच्या डब्याचं झाकण लावलं. संध्याकाळच्या एसटीने तो सातपाटीला गेला. जानू घरासमोर वाळत घातलेल्या बोंबलांजवळ बसला होता.

"येतोस ना उद्या?" रामनाथ म्हणाला. माफीचे शब्द त्याला जमले नाहीत. "माझं डोकं ठिकाणावर नव्हतं रे."

"आता हाय का?" जानूने विचारलं.

"नाय. पण ये."

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन पालघरच्या एका गॅरेजात गेले. तिथल्या रंगाऱ्याने छताचा डाग भरून दिला. बॉनेटला मात्र हात लावायला तो तयार झाला नाही. "रंग पातळ झालाय. चरे घालवायला गेलं तर पत्रा लागेल. राहू द्या तसेच," तो म्हणाला. ते चरे आता कायमचे राहणार होते. रामनाथने त्यांच्यावरून एकदा हात फिरवला आणि मागे घेतला.

त्या रविवारी त्याने गाडी जानूकडून आंब्याच्या सावलीत लावून घेतली आणि पत्रा गार होऊ दिला. मग नुसतं पाणी. छतापासून खाली, तांब्या तांब्याने, घाई न करता. धूळ ओघळून गेल्याशिवाय फडकं लावायचं नाही, असं त्याने स्वतःलाच बजावलं. कावळ्याने घाण केली होती तिथे ओलं फडकं ठेवून दिलं. मागे तो ती नखाने खरवडून काढायचा. शालूने रिठ्याचं पाणी करून दिलं आणि आपलं जुनं मलमलीचं लुगडं फाडून त्याचे तुकडे केले. बादल्या दोन घेतल्या. एकीत रिठ्याचं पाणी, दुसरीत फडकं पिळायचं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेली वाळू त्याने शालूला बोलावून दाखवली.

"हीच घेऊन मी इतके दिवस गाडी घासत होतो!"

चाकं शेवटी, वेगळ्या चिंध्यांनी. मग गोडं पाणी. ते शालूने शेजारून आणलं होतं, कारण मचूळ पाण्याचे ठिपके पडत. लगेच कोरडी मलमल पसरून, वरून हलकेच थोपटून त्याने पाणी टिपून घेतलं. घासलं नाही. दारांच्या फटीतलं पाणी निथळावं म्हणून दारं थोडा वेळ उघडी ठेवली.

सगळं झालं तेव्हा ऊन अजून कोवळंच होतं. गाडी नवी दिसत नव्हती, पण स्वच्छ होती, आणि आता आठवडाभर तिला हात लावायचं कारण नव्हतं.

तेच अवघड गेलं. सोमवारी ट्रक गेले, धूळ बसली, रामनाथ पंचा हातात घेऊन उभा राहिला आणि परत फिरला. मंगळवारी त्याने अंगणात येरझाऱ्या घातल्या. बुधवारी अंगणाचं फाटक उगाच काढून पुन्हा बसवलं. रिकामे हात त्याला खाऊ लागले. गुरुवारी जानू भाडं सोडून आला तसा रामनाथ त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"तारापूरकडे घे."

जानूने गाडी वळवली. शालू दारातून बघत राहिली.

तारेच्या कुंपणापाशी गाडी थांबली. आत यंत्रं धडधडत होती. नारळीची एकही झावळी दिसत नव्हती. विहीर कुठे होती हेसुद्धा रामनाथला ओळखता येईना. डाव्या हाताला की पुढे? त्याने बोटाने हवेत काहीतरी मोजलं, मग सोडून दिलं. त्याला रडू येईल असं जानूला वाटलं होतं. पण रामनाथचा चेहरा नुसता रागीट, गोंधळलेला होता. गाव आठवतं पण वाट सापडत नाही अशा माणसासारखा.

"चल," तो म्हणाला. "वाणगावला चल."

"वाणगावला काय हाय?"

"जमीन."

वाणगावला त्याच्या ओळखीच्या नरहरीची विहिरीखालची थोडी जमीन पडून होती. नरहरी ओसरीत सुपारी कातरत बसला होता. रामनाथने बसायच्या आधीच विचारलं, "खंडाने देतोस का?"

"या वयात?"

"देतोस का सांग."

नरहरी कबूल झाला. शालूने ऐकलं तेव्हा ती आधी रागावली. घर सोडून रोज एवढ्या लांब? मग तीच केळव्याला जाऊन भावाच्या मळ्यातून वेलांचं बेणं घेऊन आली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं ते बेणं अँबॅसेडरच्या डिकीत गेलं, मागच्या बैठकीवर कुदळ आणि पहारी गेल्या. पहिल्या वर्षी निम्मे वेल जळाले. रामनाथ पाण्यावर चिडला, मातीवर चिडला, नरहरीवर चिडला, आणि कडेने मिरची लावून मोकळा झाला. मिरची चांगली आली.

गाडी चालवायला तो अखेरपर्यंत शिकला नाही. साहेबांचं भाडं असेल त्या दिवशी तो एसटीने जाई आणि स्टँडवर ताटकळताना जानूच्या नावाने बोटं मोडी. नसेल त्या दिवशी पुढे बसे, पायांना कालचा चिखल, मांडीवर डबा, आणि वाणगावचा रस्ता सुरू झाला की सीटच्या कडेवर सरके.

"जरा दाब की रे," तो म्हणे. "पाण्याची वेळ टळली."