मधातली ओळ

तुम्ही पवित्र शास्त्र वाचता, की त्यातून चिठ्ठी काढता?

मी चिठ्ठी काढत होतो. नागपूरच्या दवाखान्यात आईच्या हृदयाच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद माझ्या हातात होता आणि सही करायचा धीर होत नव्हता. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं. मनासारखी ओळ आली नाही की पुन्हा मिटायचं. देवा, एक खूण दे.

बाकावर शेजारी उमरेडची एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन आत चाललं होतं. तीही शास्त्रच वाचत होती, ओळीखाली बोट सरकवत.

"काय शोधून राहिला गा बाबू?"

"देवाचं उत्तर."

"बापाचं पत्र आलं तर असंच डोये मिटून मधातली एक ओळ वाचतं का?"

मला राग आला. "तुम्हाला आज काय मिळालं?"

"नावं. याचा पोरगा तो, त्याचा पोरगा तो. काल जिथं थांबली, तिथून पुढं. नवरा आत हाये म्हणून देवाले मधातच टोकू का?"

तिचा पाय मात्र सारखा हलत होता. भीती तिलाही होती, तरी बोट ओळीखालीच सरकत होतं.

खूण मागणं म्हणजे देवाच्या शब्दाला जामीन मागणं. मी सही केली. आई वाचेल, असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. देव सोडणार नाही, एवढं मात्र शास्त्रात आधीच लिहिलेलं होतं.

आज डोळे उघडे ठेवून पहिल्या ओळीपासून वाचा. थांबाल तिथं दोरा ठेवा, आणि उद्या तिथूनच पुढं वाचा.