फोडकाकांच्या बशा

मालिकांच्या स्टुडिओत फुटायच्या वस्तू घडवायच्या, हा फोडकाकांचा आयुष्यभराचा धंदा. मालिकेतल्या चिडक्या सासूने भिंतीवर कप भिरकावला, की खुशाल समजावं, कप काकांचा. प्लास्टर, खडूची भुकटी आणि नावापुरता डिंक. आपटला की चुरा, पण लागणार कुणालाच नाही.

काकू त्याच स्टुडिओत कपडे शिवायच्या. त्यांनी शिवलेला राणीचा झगा चार मालिकांत मिरवून आला होता. "माझं काम वर्षानुवर्षं टिकतं, तुमचं डोळ्याचं पातं लवेपर्यंत!" असं त्या चारचौघांत म्हणायच्या. काका हसण्यावारी न्यायचे, पण ते त्यांच्या मनाला लागायचं. हिने एकदा तरी आपली वस्तू खरी मानावी, एवढंच त्यांना हवं होतं.

अशात चिनी मातीच्या जुन्या सागरी व्यापारावरची मालिका आली. जहाजं, वादळं आणि पेंढ्यात बांधलेल्या निळ्या नक्षीच्या बशा. काकांना हुरूप चढला. त्यांनी बशीबशीवर मासे काढले, माशांना खवले, खवल्यांना छटा.

"अहो, बुडत्या जहाजावर फुटायच्या बशा त्या! खवले कोण बघतंय?" काकू म्हणाल्या.

रंग पसरू नये म्हणून, असं स्वतःला बजावत काकांनी बशांवर डिंक जरा सढळ हाताने ओतला. खरं तर त्यांचा जीव त्या माशांत अडकला होता.

चित्रीकरणाला स्टुडिओत उभारलेल्या जहाजाच्या डेकवर पाण्याचे लोट सोडले. खलाशाच्या हातून पेटी निसटली, धाडकन आपटली, फळ्या निखळल्या. बशा बाहेर आल्या, डेकभर घरंगळल्या आणि निवांत आडव्या झाल्या. एकीचाही टवका उडाला नाही.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "काका, जहाज बुडतंय आणि तुमच्या बशा सहलीला निघाल्यात!"

सगळे पोट धरून हसले. काका मात्र ओशाळून गेले. संध्याकाळी डेक मोडून तिथे दुसऱ्या मालिकेचा दिवाणखाना उभा राहणार होता. तोवर बशा फुटल्या नाहीत, तर हा प्रसंगच गाळला जाणार होता.

उपाय एकच होता. प्रत्येक बशीच्या पाठीवर करवतीने खोल चरे पाडायचे. काका करवत घेऊन बसले, पण हात चालेना. ते पाहून काकू शिवण टाकून आल्या आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

"लेक सासरी निघाली तेव्हाही असं तोंड केलं नव्हतंत. सरका तिकडे!"

काकूंनी भराभर चरे पाडले. दुसऱ्या खेपेला पेटी आपटली आणि बशांचा असा चक्काचूर झाला, की सगळ्या स्टुडिओने टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, पण जरा हळूच.

तो भाग लागला तेव्हा काका टीव्हीपुढे सरसावून बसले. काकू शेजारी मटार सोलत होत्या, त्यांचं अर्धंच लक्ष. वादळ सुटलं. उघड्या पेटीतली एक बशी पडद्यावर मोठी झाली आणि निळे मासे लखलखले. काकूंचा हात थबकला. तेवढ्यात खलाशाची पकड सुटली.

"अहो, धरा! धरा ना तिला!" काकू ओरडल्या आणि मांडीवरचे मटार सांडून, दोन्ही हात पसरून टीव्हीकडे झेपावल्या.

पेटी फुटली. काकांना ते दिसलंच नाही. ते काकूंच्या पसरलेल्या हातांकडे बघत होते.